प्रसूतीनंतरचे मन आणि मेंदूतील स्टेरॉइडे

बाळंतपणाच्या रीती वसई तालुक्यात समाजागणिक निरनिराळ्या आहेत. वाडवळांच्या घरची पथ्ये कुपाऱ्यांच्या घरी जशीच्या तशी आढळणार नाहीत, आणि कोळीवाड्यातील वा पूर्वेकडील वारली पाड्यांवरील रीत आणखी वेगळी. तथापि एका बाबतीत ही घरे बहुधा एकमताची असतात. पहिला सव्वा महिना बाळंतिणीस जपावयाचे आणि तिला एकटी ठेवावयाची नाही. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कारणावाचून रडू लागली, तर जाणत्या बायका ते फारसे मनावर घेत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत ते रडू आपोआप ओसरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. परंतु काही बाळंतिणींचे रडू ओसरत नाही. मूल निजले तरी त्यांस झोप येत नाही, अन्नावरची वासना उडते, तान्ह्याला जवळ घेण्याचीही धास्ती वाटते, आणि आपण आई होण्यास नालायक आहो ही एकच कल्पना मनात घर करून बसते. मग घरात दोन तर्क चालू होतात. कोणी म्हणते, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणते, हिचा स्वभावच असा, हिला मुलाची मायाच नाही. पहिल्या तर्कात निदान तिचा दोष नसतो. दुसरा तर्क मात्र आजारी माणसालाच आरोपी करतो, आणि शिकलेल्या घरांतून हा दुसराच तर्क अधिक ऐकू येतो, असे आम्हांस वाटते.

ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक तिसरी दिशा गेल्या चार-साडेचार दशकांतील मेंदूविषयक संशोधनाने दाखविली आहे. ह्या संशोधनाचा विषय म्हणजे न्यूरोस्टेरॉइडे होत. त्यांना मराठीत 'मस्तिष्कज स्टेरॉइडे' म्हणता येईल; परंतु नवा शब्द रूढ होईपर्यंत जुनाच वापरणे सोयीचे, म्हणून येथे न्यूरोस्टेरॉइड हाच शब्द ठेविला आहे. स्टेरॉइड म्हटले की सामान्य वाचकास दम्यावरील गोळ्या किंवा पहिलवानांची निषिद्ध औषधे आठवतात. वस्तुतः स्टेरॉइड हे एका रासायनिक कुळाचे नाव आहे. चार कड्यांचा एक विशिष्ट सांगाडा ज्या ज्या पदार्थांत आढळतो, ते सर्व ह्या कुळातले. कोलेस्टेरॉल हा त्यांचा मूळपुरुष, आणि स्त्रीत्वाची, पुरुषत्वाची व ताणतणावाची संप्रेरके ही त्याची संतती.

ही संप्रेरके मेंदूवर परिणाम करतात, ह्याची पहिली ठळक नोंद मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये ह्यांनी १९४१ साली केली. उंदरांस प्रोजेस्टेरॉन मोठ्या मात्रेत टोचले असता ते भूल दिल्यासारखे निपचित पडतात, असे त्यांस दिसले. गर्भधारणा टिकविणाऱ्या संप्रेरकाने प्राणी झोपी का जावा, ह्याचे उत्तर त्या वेळी कोणापाशी नव्हते. तरीही त्या निरीक्षणाच्या आधारे भुलीची औषधे निघाली. ग्लॅक्सो कंपनीचे अल्थेसिन हे त्यांपैकी एक. १९७० नंतरच्या दशकात ते शस्त्रक्रियागृहांतून वापरले जात होते. त्यातील मुख्य द्रव्य अल्फाझालोन हे स्टेरॉइडच होय. पुढे काही रुग्णांत तीव्र प्रतिक्रिया दिसू लागल्या व १९८४ मध्ये ते औषध मागे घेण्यात आले. दोष स्टेरॉइडाचा नव्हता, ते विरघळविण्यासाठी वापरलेल्या तैलद्रावकाचा होता. द्रावकाची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती एकदा उलट्या रूपात पुन्हा यावयाची आहे.

येथपर्यंत समज असा होता, की स्टेरॉइडे बीजांडकोश, वृषण व मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ह्यांत तयार होतात आणि रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. मेंदू हा केवळ त्यांचा ग्राहक. हा समज १९८१ साली मोडला. पॅरिसजवळील बिसेत्र येथे एत्येन-एमील बोलिय्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील डीएचईए सल्फेट ह्या स्टेरॉइडाचे मापन केले. त्याचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा अधिक भरले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी उंदरांचे वृषण व अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या. आता पुरवठ्याचे मार्गच बंद झाल्यामुळे मेंदूतील साठा आटावयास हवा होता. परंतु तो आटला नाही. ह्यावरून हा पदार्थ मेंदूतच तयार होत असला पाहिजे, असा तर्क करणे प्राप्त झाले. न्यूरोस्टेरॉइड ही संज्ञा बोलिय्यू ह्यांचीच. मे २०२५ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांचे नाव जगात गर्भपाताच्या गोळीमुळे अधिक गाजले. पण मेंदूच्या अभ्यासकांस हे दुसरे कामही तितकेच मोलाचे वाटते.

मेंदूजवळ कच्च्या मालाची वाण नाही. शरीराच्या वजनाच्या अवघा शेकडा दोन इतका हा अवयव, पण शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे चौथा हिस्सा त्याच्यापाशी असतो. पेशीतील तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, कोलेस्टेरॉल ओढून नेले जाते. तेथे एक विकर त्याची बाजूची शेपटी छाटून प्रेग्नेनोलोन तयार करते. त्यापासून प्रोजेस्टेरॉन, आणि प्रोजेस्टेरॉनापासून आणखी दोन विकरांच्या हाताखालून ॲलोप्रेग्नॅनोलोन. हे शेवटचे लांबलचक नाव ह्या लेखाचा नायक असल्यामुळे ते टाळता येत नाही. ह्या साखळीतील पायऱ्या चेतापेशींप्रमाणेच त्यांना आधार देणाऱ्या पेशींतही चालतात. शिवाय बाहेरून, रक्तातून आलेल्या प्रोजेस्टेरॉनाचेही मेंदू ॲलोप्रेग्नॅनोलोनात रूपांतर करून घेतो. घरचे उत्पन्न आणि बाहेरची आवक अशा दोन्ही वाटा त्यास मोकळ्या आहेत, आणि बाळंतपणाच्या प्रश्नाचे मर्म ह्या दुसऱ्या वाटेत आहे.

आता हा पदार्थ करतो काय? मेंदूत उत्तेजन देणारी द्रव्ये आहेत, तशी आवर घालणारीही आहेत. आवर घालणाऱ्यांत मुख्य ते गाबा. १९५० साली ते मेंदूत असल्याचे सिद्ध झाले. चेतापेशीच्या आवरणावर गाबासाठी ग्राही असतात. पाच प्रथिने एकत्र येऊन मध्ये भोक राहील अशी त्यांची रचना असते. आपल्याकडील खारजमिनीच्या बांधास जशी उघाडी असते, तसेच काहीसे हे साधन. गाबा येऊन चिकटला की झडप उघडते, क्लोराइडाचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. हॅरिसन व सिमंड्स ह्यांनी १९८४ मध्ये दाखविले, की अल्फाझालोनामुळे गाबाचा हा परिणाम वाढतो. १९८६ साली मायेव्स्का व तिच्या सहकाऱ्यांनी ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. प्रयोगशाळेत बनविलेली भूलच नव्हे, तर प्रोजेस्टेरॉनापासून शरीरात निर्माण होणारे ॲलोप्रेग्नॅनोलोनही तेच करते, आणि तेही अत्यल्प मात्रेत. ते झडप अधिक वेळ उघडी ठेवते. सेल्ये ह्यांचे उंदीर का झोपले, हे पंचेचाळीस वर्षांनी कळले. पुढे २००६ मध्ये ह्या ग्राहीवर स्टेरॉइड नेमके कोठे बसते त्या जागाही निश्चित झाल्या. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या जेथे बसतात त्याहून त्या वेगळ्या आहेत.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. काही ग्राही दोन पेशींच्या सांध्यात असतात व क्षणभर काम करून थांबतात. काही सांध्याबाहेर असतात. त्यांच्यात डेल्टा नावाचा घटक असतो, आणि आजूबाजूच्या द्रवात तरंगणाऱ्या किंचितशा गाबावर ते मंद पण अखंड आवर घालीत राहतात. न्यूरोस्टेरॉइडांचा प्रभाव ह्या दुसऱ्या प्रकारावर विशेष पडतो. मनाची जी पार्श्वभूमी असते, जिला आपण व्यवहारात 'चित्त थाऱ्यावर असणे' म्हणतो, तिच्याशी ह्या मंद आवराचा संबंध असावा असे मानण्यास जागा आहे. सर्वच न्यूरोस्टेरॉइडे मात्र शामक नाहीत. प्रेग्नेनोलोन सल्फेट गाबाच्या नेमके विरुद्ध काम करते.

आवर सुटला म्हणजे काय होते ह्याचे अगदी उघड उदाहरण अपस्माराचे. काही अपस्मारग्रस्त स्त्रियांस पाळीच्या सुमारास अधिक झटके येतात, ही नोंद वैद्यकात एकोणिसाव्या शतकापासून आहे. पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, त्याबरोबर ॲलोप्रेग्नॅनोलोन उतरते आणि मेंदूचा बांध कमकुवत होतो. उपाय म्हणून प्रोजेस्टेरॉन देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला तो निराशाजनक होता. ज्यांचे झटके पाळीच्या दिवसांतच फार एकवटतात अशा गटापुरताच काही लाभ दिसला. अशाच कुळातील गॅनॅक्झोलोन हे औषध २०२२ साली बालकांच्या एका दुर्मिळ आनुवंशिक अपस्मारासाठी अमेरिकेत मान्य झाले. आपल्याकडे हा विषय केवळ औषधाचा नव्हता. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा वैध विवाहास अडथळा मानला जात असे. १९९९ च्या दुरुस्तीने ती तरतूद गळाली. मेंदूतील क्षाराच्या वाहतुकीचा दोष हा कन्येच्या कुळाचा दोष समजला जात होता, हे आठवणीत असावे. बाळंतिणीच्या औदासीन्याची आज तीच गत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गर्भारपणात वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. शेवटच्या तिमाहीत रक्तातील त्याचे प्रमाण पाळीच्या उत्तरार्धातील प्रमाणाच्या सुमारे दहापट होते, आणि त्यासोबत ॲलोप्रेग्नॅनोलोनही चढते. नऊ महिने मेंदू एका शामक द्रव्याच्या वाढत्या भरतीत वावरतो. मूल जन्मते, वार पडते, आणि दोन-तीन दिवसांत ही भरती संपूर्ण ओसरते. पुष्कळ दिवस झोपेचे औषध घेणाऱ्या माणसाने ते एकाएकी सोडावे, तशी ही अवस्था. तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे रडू आणि ही ओहोटी ह्यांची वेळ जुळते, ती योगायोगाने जुळत नसावी.

मग सर्वच बाळंतिणी आजारी का पडत नाहीत? माग्वायर आणि मोडी ह्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेले उंदरांवरील प्रयोग ह्या दृष्टीने उद्बोधक आहेत. गर्भारपणात स्टेरॉइड वाढते तसतसे उंदरीचा मेंदू आपल्या डेल्टा ग्राहींची संख्या घटवितो. प्रसूती होताच ती पूर्ववत होते. भरती आली की दारे कमी करावयाची आणि ओहोटी लागली की वाढवावयाची, असा हा समतोल. ज्या उंदरींत डेल्टा घटक जन्मतःच नाही त्या प्रसूतीनंतर पिलांकडे दुर्लक्ष करीत, क्वचित त्यांना खाऊनही टाकीत. ह्या ग्राहींवर काम करणारे औषध दिल्यावर त्यांच्या वागण्यात सुधारणा झाली. ह्याचा अर्थ असा की दोष पदार्थाच्या कमीअधिकपणापेक्षा बदलाशी जुळवून घेण्याच्या शक्तीत असू शकतो. 'माया नाही' ह्या आरोपास एका मुक्या प्राण्याने दिलेले हे उत्तर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल; पण आरोप करणाराने ते वाचावे एवढे खरे.

माणसांतील पुरावा संख्येने लहान, परंतु रचनेने फार नेटका आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा स्त्रिया निवडल्या. त्यांतील आठ जणींस पूर्वी बाळंतपणानंतर औदासीन्य येऊन गेले होते, आठ जणींस नव्हते. प्रयोगकाळी कोणीही गरोदर वा आजारी नव्हत्या. औषधाने त्यांची नैसर्गिक संप्रेरके थांबवून आठ आठवडे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणात देण्यात आले आणि नंतर त्यांच्या नकळत बंद करण्यात आले. म्हणजे गर्भावाचून गर्भारपण आणि प्रसूतीवाचून प्रसूती घडविली. पूर्वी आजारी पडलेल्या आठांपैकी पाच जणींची मनःस्थिती पुन्हा ढासळली. उरलेल्या आठांपैकी एकीचीही नाही. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. येथे मूल नव्हते, जागरण नव्हते, सासू नव्हती, पैशाची विवंचना नव्हती. नुसत्या ओहोटीने काही जणी खचल्या. सोळा ही संख्या थोडी आहे, आणि ह्या प्रयोगात इस्ट्रोजेनही काढून घेतले असल्यामुळे सर्व श्रेय वा दोष न्यूरोस्टेरॉइडांस देता येणार नाही. तरीही ह्या विषयातील सर्वांत बोलका प्रयोग हाच, असे आमचे मत आहे.

मात्र एवढ्यावर प्रश्न सुटला असे मानणाऱ्याने गोव्याकडे पाहावे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसूझा ह्यांनी तेथील एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतील २७० स्त्रियांची नोंद करून प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुढे सहा महिन्यांनी त्यांची भेट घेतली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात शेकडा २३ मातांस औदासीन्याचा आजार आढळला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. कारणे कोणती? गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मारहाण, आणि मुलगी झाली ही गोष्ट. संप्रेरकाच्या ओहोटीला जन्मलेले मूल मुलगा की मुलगी हे कळत नाही. घरातल्या माणसांना कळते. ह्याहून अडचणीचा आकडा पुढेच आहे. आजारी पडलेल्यांपैकी शेकडा ७८ जणी गर्भारपणातच, म्हणजे ऐन भरतीच्या काळात, मनाने त्रस्त होत्या. ओहोटीचा सिद्धान्त ह्या स्त्रियांच्या आजाराची सुरुवात समजावून देऊ शकत नाही. त्यांच्या बाबतीत प्रसूती हा आजाराचा आरंभ नव्हता, एक टप्पा होता.

ह्याच अभ्यासाचा २००३ मधील दुसरा भाग बालकांविषयी आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वेळी ज्यांच्या माता औदासीन्याने ग्रस्त होत्या, ती मुले सहा महिन्यांची झाल्यावर वजनाने व लांबीने मागे राहिल्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. गोव्याचे हे चित्र अपवादात्मकही नाही. भारतातील ३८ अभ्यास व २०,०४३ माता एकत्र घेऊन २०१७ साली जो हिशेब मांडला गेला, त्यातही प्रमाण शेकडा २२ च भरले.

वसई आणि गोवा ह्यांच्यात शेतीचा, समुद्राचा आणि चर्चचाही इतिहास समान आहे. परंतु वसई-विरार आज एका बाबतीत निराळे आहे. २०११ च्या जनगणनेतच महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती, आणि त्या वाढीचा मोठा भाग बाहेरून येऊन नालासोपारा व विरार येथील चाळींत आणि इमारतींत राहिलेल्या कुटुंबांचा आहे. ह्यांपैकी अनेकींचे माहेर शेकडो मैल दूर. नवरा पहाटेच्या गाडीने चर्चगेटच्या दिशेने जातो तो रात्री परततो. शेजार असतो, पण बाळंतिणीजवळ बसून राहणारे माणूस नसते. सव्वा महिना पाळणार कोण आणि कोणासाठी? ह्याचा मेंदूच्या रसायनाशी काय संबंध, असा आक्षेप कोणी घेईल. संबंध आहे. कळपापासून तोडून आठवडेच्या आठवडे एकटे ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोनाचे प्रमाण घटते, हे अनेक वेळा दाखविले गेले आहे. ते बनविणारे विकरच तेथे कमी पडते. उंदरांवरून माणसांविषयी उडी मारणे धोक्याचे, हे मान्य. पण सामाजिक कारण आणि रासायनिक कारण ही दोन वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत, एवढे तरी ह्यावरून म्हणता येते. बाळंतिणीस एकटी ठेवू नये ही जुन्या बायकांची शिस्त वाऱ्याच्या भीतीपोटी आलेली असो वा अनुभवातून, तिच्यातील हा भाग टाकाऊ नव्हता.

औषधाच्या बाजूने मोठी घटना १९ मार्च २०१९ रोजी घडली. ब्रेक्झॅनोलोन, म्हणजे प्रत्यक्ष ॲलोप्रेग्नॅनोलोनच शिरेतून देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. बाळंतपणानंतरच्या औदासीन्यासाठीच म्हणून मान्य झालेले हे पहिले औषध. ते साठ तास सतत द्यावे लागे, आणि अतिनिद्रा वा एकाएकी शुद्ध हरपण्याचा धोका असल्यामुळे रुग्णालयात देखरेखीखाली. त्याची किंमत एका उपचारास ३४,००० डॉलर लावण्यात आली होती. २०२४ च्या अखेरीस त्याची विक्री थांबविण्यात आली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये झुरानोलोन ही तोंडाने घ्यावयाची, चौदा दिवसांची गोळी मान्य झाली होती. ह्या औषधांचे वैशिष्ट्य त्यांच्या वेगात आहे. नेहमीच्या औदासीन्यनाशक औषधांस आठवडे लागतात, ह्यांचा परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो. ज्या आईच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत तिच्या बाबतीत हा फरक फार मोठा होय. परंतु आकडे पाहून उत्साहास थोडा आवर घालावा. ब्रेक्झॅनोलोनाच्या एका प्रयोगात औषध घेतलेल्यांचे गुणांकन साठ तासांनी साडेएकोणीस अंकांनी उतरले, तर नुसते पाणवट द्रावण घेतलेल्यांचे चौदा अंकांनी. म्हणजे मिळालेल्या आरामाचा बराच मोठा भाग औषधाविनाच मिळाला. साठ तास कोणीतरी काळजी वाहत आहे, बाळाकडे पाहणारे माणूस आहे, आपण पडून राहावयाचे आहे, ह्या स्थितीचाही त्यात वाटा नसेल काय?

गोव्यात ह्याच काळात अगदी वेगळ्या वाटेने प्रयत्न झाला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना 'सखी' असे नाव देण्यात आले, आणि औदासीन्य असलेल्या गरोदर स्त्रियांकडे त्या जाऊन बोलू लागल्या. २८० स्त्रियांवरील ह्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ मध्येच, म्हणजे ब्रेक्झॅनोलोनाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी सखी लाभलेल्यांत शेकडा ७३ जणी आजारातून बाहेर आल्या होत्या, इतरांत शेकडा ६०. लक्षणांची तीव्रता मोजून पाहता मात्र दोन गटांत नजरेत भरण्याजोगा फरक पडला नव्हता. लाभ माफक होता. पण त्यासाठी शिरेत सुई घालावी लागली नव्हती.

ह्या क्षेत्रातील फसलेल्या आशांचाही उल्लेख केला पाहिजे. डोक्यास मार लागलेल्या प्राण्यांत प्रोजेस्टेरॉनाने मेंदूची सूज कमी होते असे दिसले, तेव्हा अपघातग्रस्तांसाठी ते वरदान ठरेल असे वाटले होते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग ज्या तालुक्यातून जातो तेथे ह्या आशेचे महत्त्व सांगावयास नको. परंतु २०१४ साली दोन मोठ्या प्रयोगांनी, मिळून दोन हजारांवर रुग्णांत, त्याचा काहीही उपयोग होत नसल्याचे दाखविले. दुसरे उदाहरण नीमन-पिक ह्या आनुवंशिक रोगाचे. हा रोग असलेल्या उंदरांना ॲलोप्रेग्नॅनोलोन दिल्याने त्यांचे आयुष्य वाढते, असे २००४ मध्ये जाहीर झाले. पाच वर्षांनी कळले, की करामत मुख्यतः स्टेरॉइडाची नव्हतीच, ते विरघळविण्यास वापरलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिन ह्या शर्करावर्गीय द्रावकाची होती. अल्थेसिनास द्रावकाने बुडविले आणि येथे द्रावकानेच तारले.

उलट्या बाजूने येणारा एक इशारा तरुण पुरुषांसाठी आहे. केस गळू नयेत म्हणून घेतले जाणारे फिनास्टेराइड हे औषध ज्या विकरास रोखते, त्याच जातीचे विकर मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोन बनविण्याच्या साखळीत लागते. आत्महत्येचे विचार हा ह्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषधसंस्थेने २०२५ मध्ये मान्य केले. तो सर्वांस होतो असे मुळीच नाही. पण पूर्वी औदासीन्य येऊन गेलेल्याने वैद्यास विचारल्यावाचून ती गोळी घेऊ नये.

आता साहजिकच असा प्रश्न येतो, की बाळंतिणीच्या रक्तातील ॲलोप्रेग्नॅनोलोन मोजून रोग ओळखता येईल काय? आज तरी नाही. आजारी व निरोगी मातांतील प्रमाणांविषयी निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. त्याचे कारण वर आलेच आहे: प्रश्न प्रमाणाचा कमी आणि जुळवून घेण्याचा अधिक, आणि मेंदूने घरी काय तयार केले ते रक्तात दिसत नाही. तेव्हा परीक्षा घ्यावयाची ती प्रश्नांनीच. एडिंबरो येथील कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तयार केलेली दहा प्रश्नांची यादी त्यासाठी जगभर वापरली जाते; गोव्यातील अभ्यासात ती कोकणीत वापरली होती. मागील सात दिवसांत हसू आले का, उगाच धास्ती वाटली का, झोप लागली का, असे साधे प्रश्न. भरावयास पाच मिनिटे पुरतात.

ते कोणी विचारावेत, ह्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचे कारण नाही. नवजात बालकाच्या गृहभेटींचा जो कार्यक्रम २०११ पासून देशात चालू आहे, त्यानुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे असते. तिसरा दिवस हा ओहोटीचा. त्या दिवशी आईचे रडू पाहिले तर घरच्यांस धीर द्यावयाचा आणि चौदाव्या दिवशी ते थांबले की नाही ते पाहावयाचे. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. गोव्यातील संशोधकांनी मातांना गाठले ते ह्याच सुमारास, आणि बाळाची सहा आठवड्यांची लसही तेव्हाच असते. ज्या घरी आशा पोहोचत नाही तेथील आईसुद्धा लसीसाठी केंद्रावर येते. बाळाचे वजन होईतो तिला हे दहा प्रश्न विचारता येतील. त्यांतील दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर 'क्वचित' असे आले तरी बाकीच्या नऊ उत्तरांची बेरीज करीत बसू नये. तिला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यावे, आणि डॉक्टर लगेच मिळत नसल्यास १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून तोवर कोणीतरी तिच्याजवळ बसावे.